कागदात जागा नसलेले उत्तर

दिवाळीचा फराळ संपता संपता आमच्या जालना जिल्ह्यातली काही गावे अर्धी रिकामी होऊ लागतात. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा अशा तालुक्यांतल्या वाड्यांवर आणि तांड्यांवर संध्याकाळच्या वेळी ट्रक नाही तर ट्रॅक्टर येऊन उभा राहतो. मुकादम हाका मारतो. पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, पाण्याचा ड्रम, गोधड्या, एखादी शेळी आणि या सगळ्याच्या वर पोरे, असा संसार चढतो. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता'. त्या कोयत्यापोटी घेतलेली 'उचल' आधीच दवाखान्याला, जुन्या देण्याला किंवा लेकीच्या लग्नाला गेलेली असते. ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रातल्या नाही तर कर्नाटकातल्या उसाच्या फडावर जायचे आणि गळीत हंगाम आटोपला की मार्च-एप्रिलच्या उन्हात गावी परतायचे. मागे राहतात ती दारांवरची कुलपे, ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतले हजेरीपत्रक.

आता एक साधा प्रश्न. अशा गावात शाळेबाहेर असलेली मुले किती?

मोजायची आणि सांगायची, त्यात काय अवघड, असे कुणालाही वाटेल. पण जुलैत मोजली तर एक आकडा येतो आणि जानेवारीत मोजली तर दुसरा. हजेरीपत्रक पाहून मोजली तर तिसरा आणि घरोघर फिरून मोजली तर चौथा. यातला खरा कोणता?

४ जुलै २०१५ रोजी, शनिवारी, महाराष्ट्र शासनाने शाळाबाह्य मुले शोधण्यासाठी राज्यभर एका दिवसाची पाहणी केली. शिक्षकांपासून अनेक कर्मचारी त्या दिवशी घरोघर फिरले. बाजार, रेल्वे स्थानके, वीटभट्ट्या, बांधकामे पाहिली. एकच मूल दोनदा मोजले जाऊ नये म्हणून, मतदानाला लावतात तशी शाई मुलांच्या बोटाला लावली. कल्पना चांगली होती आणि कष्टही प्रामाणिक होते. पण जुलै महिना म्हणजे पेरणीचा महिना. ऊसतोडीला गेलेली माणसे तेव्हा आपापल्या गावात असतात, त्यांची मुलेही गावात असतात, बहुतेकांची नावे शाळेत असतात आणि पावसाळ्यामुळे वीटभट्ट्याही थंड असतात. त्या दिवशी ज्यांच्या बोटाला शाई लागायला हवी होती अशी कितीतरी मुले त्या दिवसापुरती शाळेतलीच होती. दिवाळीनंतर ती शाळेबाहेर जाणार होती. स्वयंसेवी संस्थांनी तेव्हाच या पाहणीवर आक्षेप घेतले होते.

यात कुणी खोटे बोलले नव्हते. तक्ते बरोबर भरले होते, बेरजाही बरोबर असतील. तरीही सत्य हाताशी लागले नाही. असे का व्हावे, याचा विचार करू लागलो की आपण नकळत तत्त्वज्ञानाच्या दारात जाऊन पोहोचतो. ज्ञान कशाला म्हणायचे? ते कोणत्या वाटेने मिळते? विचारणारा कोण आणि सांगणारा कोण? शिक्षणावरच्या प्रबंधांत या प्रश्नांसाठी सुरुवातीची दहा-पंधरा पाने राखून ठेवलेली असतात. ती पाने बहुधा आधीच्या प्रबंधावरून उतरवलेली असतात आणि परीक्षकही ती चाळून पुढे जातो. मीही तसाच पुढे जात आलो. अध्यापक विद्यालयात शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. ती पाने म्हणजे निव्वळ उपचार, असेच मला वाटे. आज वाटते की मुलाच्या नशिबाचा निम्मा निकाल त्या न वाचलेल्या पानांतच लागलेला असतो.

वाफे, वाण आणि वर्ग

जालना हे बियाण्यांचे शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे 'महिको' सुरू केली आणि संकरित बियाण्यांच्या धंद्यात या गावाचे नाव देशभर गेले. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. त्यामुळे वाणाची चाचणी कशी घेतात हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला नव्याने सांगावे लागत नाही. एकाच रानात सारखे वाफे पाडायचे, काहींत नवे वाण आणि काहींत जुने पेरायचे, खत-पाणी सारखे द्यायचे आणि शेवटी उतारा मोजायचा.

कोणत्या वाफ्यात काय पेरायचे हे आपल्या मनाने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे रान भारी-हलके असल्याचा दोष निकालात येत नाही, हा विचार शास्त्राच्या पायावर उभा केला तो रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने. १९१९ पासून तो इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करत होता. प्रयोगाची आखणी कशी करावी यावरचे त्याचे पुस्तक १९३५ चे. शेतातली ही रीत पुढे औषधांच्या चाचण्यांत गेली आणि तिथून शाळेतही आली.

आपल्या मुंबईतच तिचे एक नामांकित उदाहरण आहे. 'प्रथम' या संस्थेने महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नेमल्या होत्या. वस्तीतलीच थोडीफार शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून अक्षर-अंक पक्के करून घेई. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाची वाफ्यांसारखीच चाचणी घेतली. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार हे चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरले आणि वर्षअखेर मुलांची परीक्षा घेऊन तुलना केली गेली. ज्या वर्गांना बालसखी मिळाली ते सरस ठरले. २००७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि २०१९ मध्ये बॅनर्जी, डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

या पद्धतीमागे जी श्रद्धा आहे तिला प्रत्यक्षार्थवाद म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ऑगस्त काँत या फ्रेंच विचारवंताने तिला नाव आणि रूप दिले. तिचे म्हणणे थोडक्यात असे. जग आपल्या मनाबाहेर आहे, ते मोजता येते. मोजणाऱ्याने बाजूला उभे राहावे, आपल्या आवडीनिवडी त्यात मिसळू नयेत. नीट मोजले तर आज इथे जे दिसले ते उद्या तिथेही दिसेल.

या श्रद्धेचे आपल्यावर उपकार आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. पटावर नाव आले म्हणजे मूल शिकले, या गोड समजुतीत आपण वर्षानुवर्षे होतो. २००५ पासून निघू लागलेल्या 'असर' अहवालाने ती मोडली. जिल्ह्यातली ३० गावे, प्रत्येक गावातली २० घरे, अशा रीतीने स्वयंसेवक दारात जाऊन बसले आणि मुलापुढे एक कागद धरला. त्यावर अक्षरे, शब्द, एक छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. वाच म्हटले. पाचवीतल्या कितीतरी मुलांना ती गोष्ट वाचता आली नाही. हा कागद नसता तर ही गोष्ट आपण आजही कबूल केली नसती. आकड्याला नावे ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण बियाणे आणि मूल यांत एक फरक आहे. आपली चाचणी चालली आहे हे बियाण्याला माहीत नसते, मुलाला असते. अनोळखी माणूस कागद घेऊन समोर बसला की मूल आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहते. मंठ्याकडच्या तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. त्याच्यासाठी पुस्तकातली मराठी ही दुसरी भाषा आहे. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असे २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचे उद्दिष्ट आहे. या मुलाने ४० वाचले तर घड्याळ सांगेल, मागे आहे. ते किती अंतर चालून त्या ४० शब्दांपर्यंत आले, हे सांगायची सोय घड्याळात नाही.

आणि ज्याला आपण पक्का आकडा म्हणतो तो तरी किती पक्का? २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७२ टक्के भरली, तेव्हा राज्याची ८२ टक्क्यांच्या वर होती. आमच्या जिल्ह्यातल्या स्त्रियांचे प्रमाण तर सुमारे ६१ टक्के. हे आकडे भाषणांत वारंवार येतात. पण जनगणनेत वाचून दाखवायला कुणी सांगत नाही. प्रगणक विचारतो, घरातले माणूस सांगते, रकाना भरला जातो. आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ज्याला आपण प्रत्यक्ष समजतो तो जनगणनेचा आकडा खरे म्हणजे शब्दप्रमाण आहे, कुणाच्या तरी सांगण्यावर ठेवलेला विश्वास. त्यात वाईट काही नाही. पण मग सांगणाऱ्या माणसाकडे जरा नीट पाहायला नको का?

एका बाईचा प्रश्न

पुष्कळ वर्षांपूर्वी घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात माझ्या एका विद्यार्थिनीबरोबर गेलो होतो. मुलांच्या गळतीची कारणे हा तिचा विषय. तिच्या हातात चक्रमुद्रित प्रश्नावली होती आणि ती मीच तपासून दिलेली होती. गळतीच्या कारणांपुढे चौकोन होते: पालकांची अनास्था, पालकांचे अज्ञान, मुलांना अभ्यासाची आवड नसणे, शाळा दूर असणे, इतर. एका घरी पुढच्याच आठवड्यात फडावर निघालेली बाई भेटली. मुलगी चौथीत होती. विद्यार्थिनीने विचारले, "मुलांच्या शिक्षणाचे महत्त्व तुम्हाला वाटते का? होय की नाही?"

बाई म्हणाली, "वाटतंय की."

"मग मुलीला बरोबर का नेता?"

बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सासू गेली औंदा. लेकीला हितं कुनाच्या भरवशावर ठिवू, बाई? आन् तिकडं मी फडात गेल्यावर कोपीवर ह्या तान्ह्याला कोन बघंल? तुमच्या कागदात हे लिवायला जागा हाय का?"

जागा नव्हती. विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, 'इतर' वर खूण कर. पुढे तक्ते झाले तेव्हा 'इतर' हा रकाना लहान म्हणून चर्चेत घेतला गेला नाही. निष्कर्ष आला, गळतीचे प्रमुख कारण पालकांची अनास्था. मी सही केली. त्यानंतरही अनेक वर्षे अशा निष्कर्षांवर मी सह्या करत राहिलो. आज त्याची लाज वाटते. कारण अनास्था त्या बाईची नव्हती. ती कागदाची होती, आणि कागद माझा होता.

माणसाचे वागणे बाहेरून मोजून कळत नाही, त्याच्या वागण्याला त्याच्या स्वतःच्या लेखी काय अर्थ आहे हे समजून घ्यावे लागते, असे म्हणणारी दुसरी एक परंपरा आहे. तिला अन्वयार्थवाद म्हणू. निसर्गातल्या घटनांची कारणे शोधता येतात, पण माणूस समजून घ्यावा लागतो, हा भेद जर्मनीत विल्हेल्म डिल्टाय याने एकोणिसाव्या शतकात आग्रहाने मांडला. आपल्याला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. याच घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी प्रचीतीवर केवढा भर दिला आहे! अनुभवावाचूनचे बोलणे त्यांनी कधी मोजले नाही.

महाराष्ट्रात शिक्षणाचे जे प्रयोग टिकले ते बहुतेक अशा समजून घेण्यातूनच उगवले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी पालकांच्या अनास्थेचा तक्ता काढला नाही. मुलाचा दिवस कसा जातो ते पाहिले. ते गुरे घेऊन कुरणात जाते असे दिसले, तेव्हा शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. 'अंगणवाडी' ही कल्पनाही अशीच, मूल वाडीत येत नसेल तर वाडीने त्याच्या अंगणात जावे. या दोघींनी संशोधनाच्या पद्धतींवर वाद घातला नाही, पण त्यांचा प्रश्न वेगळा होता म्हणून उत्तरही वेगळे आले.

अर्थात या वाटेलाही खाचखळगे आहेत. एका बाईची कहाणी म्हणजे सगळ्या गावाची कहाणी नव्हे. ऐकणारा हळवा असेल तर त्याला हवे तेच ऐकू येते. आणि सर्वात मोठी अडचण म्हणजे, समजून घेतले, डोळे पाणावले, पण पुढे काय? त्या मुलीला पुढच्या हंगामातही तान्ह्याला सांभाळायचेच होते.

उचल कुणाची, साखर कुणाची

इथे तिसरी दृष्टी पुढे येते. ती म्हणते, नुसते मोजू नका आणि नुसते समजूनही घेऊ नका. हे असे का आहे आणि यात कुणाचे भले होते, ते विचारा. आमच्याकडे पुस्तकांतून ती चिकित्सक विचारधारा म्हणून येते आणि तिच्याबरोबर पाउलो फ्रेअरीचे नाव येते. दलितांच्या शिक्षणावरचे त्याचे पुस्तक १९७० मध्ये इंग्रजीत आले आणि जगभर गाजले. ब्राझीलच्या ज्या ईशान्य भागात तो जन्मला तोही उसाचाच मुलूख, हा योगायोग आम्हा मराठवाड्यातल्यांना विचार करायला लावणारा आहे.

पण हा प्रश्न विचारायला आपल्याला ब्राझीलपर्यंत जावे लागत नाही. १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले. आयोगापुढे शाळांच्या संख्येचे, पटाचे, खर्चाचे सरकारी तक्ते होतेच. जोतीरावांनी आपण शेती आणि व्यापार करतो, शाळा चालवल्या आहेत, म्हणजे आपण कुठे उभे राहून बोलतो आहोत ते आधी सांगितले. मग विचारले ते असे, की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, तो शिक्षणावर खर्च होतो तेव्हा जातो कुणाकडे? वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, ही त्यांची मागणी या हिशेबातून निघाली होती. पैसा कुणाचा आणि लाभ कुणाला, हा एक प्रश्न घातला की तेच तक्ते वेगळे बोलू लागतात.

हाच प्रश्न त्या चौथीतल्या मुलीबाबत विचारा. प्रश्नावलीत 'अनास्था' होती, 'उचल' का नव्हती? कोरडवाहू रान, दसऱ्याआधी घेतलेली रक्कम, ती फिटेपर्यंत मोडता न येणारा करार, बाईने फडात न गेल्यास अर्धा मोडणारा कोयता आणि फडावर पाळणाघराचा पत्ता नाही, ही गळतीची कारणे आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. पण ती शिक्षणशास्त्राच्या विषयात बसत नाहीत, असे आम्ही धरून चाललो. दोष घरात शोधला की व्यवस्थेला हात लावावा लागत नाही. संशोधक तटस्थ राहतो म्हणजे पुष्कळदा एवढेच होते.

या दृष्टीचाही अतिरेक होतो, हे सांगितले पाहिजे. आधीच निष्कर्ष ठरवून पुरावे गोळा करणारे प्रबंध मी पाहिले आहेत. त्यांत प्रत्येक पालक शोषित आणि प्रत्येक शिक्षक व्यवस्थेचा हस्तक असतो. खेड्यावर रोज ये-जा करून, दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळून शिकवणाऱ्या मास्तरांवर तो अन्याय आहे. सिद्धान्ताचा चष्माही आकड्याच्या चष्म्याइतकाच धूसर होऊ शकतो.

सगळेच प्रयोग यशस्वी कसे?

१९६२ मध्ये टॉमस कून याने 'पॅराडाइम' हा शब्द विज्ञानाच्या इतिहासात रूढ केला. मराठीत त्याला प्रतिमान म्हणतात. आपण चौकट म्हणू. १९८० च्या दशकात पाश्चात्त्य शिक्षणशास्त्रज्ञांत या चौकटींवरून इतके वाजले की त्याला प्रतिमानांचे युद्ध म्हटले गेले. आपल्याकडे युद्ध झाले नाही. आपण सगळ्याच चौकटी मान्य केल्या आणि सगळ्यांचे फॉर्म छापून टाकले.

कृतिसंशोधनाचे पाहा. ज्याच्यापुढे अडचण आहे त्यानेच ती अभ्यासावी, उपाय करून पाहावा, चुकला तर बदलावा, हा विचार कुर्ट लेविन याने १९४६ मध्ये मांडला. शिक्षकाला संशोधकाचा मान देणारी ही केवढी मोठी गोष्ट! आपल्याकडे ती शिक्षक प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात आली आणि तिची फाइल झाली. इयत्ता अमुकच्या विद्यार्थ्यांना अमुक विषयात येणाऱ्या अडचणींचा शोध व उपाय. पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, आलेख. मी तपासलेल्या अशा फायलींत उपक्रम फसला असे लिहिलेली एकही फाइल मला आठवत नाही. सगळेच प्रयोग यशस्वी होत असतील तर जिल्हा मागे कसा?

ज्ञानरचनावादाचेही तसेच झाले. मूल रिकामे मडके नाही, ते आपल्या अनुभवांतून स्वतः ज्ञान रचते, हा पियाजे आणि वायगॉट्स्की यांच्या अभ्यासातून आलेला विचार २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने स्वीकारला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी तो वर्गात उतरवला आणि राज्यभरचे शिक्षक तिथे पाहायला गेले. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला. कितीतरी शाळांत खरोखर जीव आला, मुले जमिनीवर गटाने बसून काड्या, मणी, चित्रे घेऊन शिकू लागली. पण बऱ्याच ठिकाणी रंगवलेली फरशी म्हणजेच ज्ञानरचनावाद, असा समज झाला. आणि प्रत्येक मूल आपल्या रीतीने शिकते असे मानणारा हा विचार शेवटी किती टक्के शाळा 'प्रगत' झाल्या या तक्त्यात जाऊन बसला. मुलाला स्वतः ज्ञान रचायची मुभा आपण दिली, शिक्षकाला मात्र दिली नाही.

तेव्हा चौकट कोणती चांगली, हा वाद घालण्यात अर्थ नाही. चाचणीची रीत बालसखीसारख्या प्रश्नाला योग्य, ऐकण्याची रीत त्या बाईच्या प्रश्नाला योग्य आणि पैसा कुणाचा हे विचारण्याची रीत उचलीच्या प्रश्नाला योग्य. गोंधळ होतो तो एका प्रश्नासाठी घडवलेले माप दुसऱ्याला लावले की. तराजूने कापड मोजू नये एवढे तर दुकानदारालाही कळते.

मला स्वतःला चार साध्या गोष्टी सुचतात. शाळाबाह्य मुलांची मोजणी जुलैबरोबर जानेवारीतही व्हावी आणि गावाबरोबर फडावरही व्हावी. हंगामी वसतिगृह आणि शिक्षण हमी कार्ड या योजना ज्यांच्यासाठी निघाल्या ती मुले तेव्हाच नेमकी दिसतील. दुसरे, प्रश्नावली टेबलावर बसून तयार करू नये. आधी चार घरी बसावे, लोक कोणती कारणे सांगतात ते ऐकावे आणि मग चौकोन काढावेत. 'इतर' हा रकाना सर्वात आधी वाचावा. तिसरे, आपला उपक्रम का फसला हे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या शिक्षकाला यशाची फाइल करणाऱ्यापेक्षा एक गुण जास्त द्यावा. आणि चौथे, संशोधन ज्या गावात केले त्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीपुढे ते मराठीत, सोप्या भाषेत वाचून दाखवावे. "आमच्याबद्दल हे लिहिले आहे, ते बरोबर आहे का?" असे विचारण्याचा हक्क त्या बाईला आहे. आजवर आपण तिच्याकडून उत्तरे नेली, निष्कर्ष कधी तिला परत दिले नाहीत.

जुनी माणसे अजूनही म्हणतात, 'जालना, सोने का पालना'. व्यापाराच्या भरभराटीत पडलेले हे नाव. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होते. पण याच जिल्ह्यातला एक पाळणा दर हिवाळ्यात दूरच्या फडाच्या बांधावर, जुन्या साडीची झोळी होऊन लटकतो आणि चौथीतली एक मुलगी त्याला झोका देत बसते. त्या वेळी तिच्या शाळेच्या हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे काय लिहायचे, हजर, गैरहजर की स्थलांतरित, हे ठरवण्यासाठी कुणीतरी पेन उघडतो. पेन उघडणारा कधी मास्तर असतो, कधी अधिकारी, कधी माझ्यासारखा संशोधनाचा मार्गदर्शक. त्याने लिहिण्याआधी क्षणभर थांबावे आणि त्या आईचा प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या कागदात तिच्या उत्तराला जागा आहे का?